चंद्रावरून ट्रंक कॉल

आमच्या वर्गाचं भविष्य शिक्षकांनीही सांगितलं होतं आणि मीही. शिक्षकांनी ते तोंडी सांगितलं, म्हणून ते सुटले. “तू म्हशी राखणार”, “तू बापाचं नाव घालवणार”, “तू हमाली करशील, ती पण धड नाही” अशी त्रिकालज्ञ वाणी आमच्या कानांवर रोज पडायची, काही वेळा कानाखालीही. पण त्यातलं एकही वाक्य कुठं नोंदलेलं नसल्यामुळे आज त्याच गुरुजनांना आम्ही शाल-श्रीफळ देतो. मी मात्र सगळं लिहून ठेवलं. शाईच्या पेनानं, समास सोडून, शीर्षकाखाली दोन रेघा मारून.

साल १९८७. गाव खानापूर तालुक्यातलं, विट्याच्या अलीकडचं. पाऊस आमच्याकडे पडायचा कमी आणि रेडिओवर ऐकू यायचा जास्त. राजीव गांधी पंतप्रधान होते आणि देश एकविसाव्या शतकाकडे निघाला होता. आमच्या फाट्यावर एस.टी. थांबत नव्हती, तरी एकविसावं शतक थांबणार याबद्दल कुणाला शंका नव्हती. मराठीच्या सरांनी तर ‘एकविसाव्या शतकातील भारत’ हा निबंध बोर्डाला शंभर टक्के येणार म्हणून सगळ्यांकडून तोंडपाठ करून घेतला होता. (आला ‘मी अनुभवलेला पावसाळा’. आमच्या तालुक्यातल्या मुलांनी तो पूर्णपणे कल्पनेनं लिहिला.)

दहावीच्या निरोपसमारंभाला हस्तलिखित काढायची शाळेची पद्धत होती. माझं अक्षर बरं म्हणून संपादक मी. आमच्याकडे अक्षर बरं असलं की मजकुराची चौकशी होत नसे. पाठ झालेला निबंध वाया का घालवायचा, म्हणून मी त्यातच वर्गमित्र घातले आणि लेख तयार केला : ‘सन २०१२ : आपली दहावी अ’. पंचवीस वर्षांनी कोण कुठं असेल, याचा तपशीलवार आराखडा. वर्गातल्या कुणाचंही नाव मी इथं लिहीत नाही. वर्गात आता दोन वकील आहेत, आणि त्यांतला एकही मी वर्तवलेला नव्हता.

माझी पद्धत शास्त्रशुद्ध होती. मार्क, बाक आणि वडिलांचा धंदा या तीन गोष्टींवरून मी माणसाचं भविष्य काढत असे. मास्तरांचा मुलगा मास्तर, सोनाराचा सोनार, दुकानदाराचा दुकानदार. ज्याच्या वडिलांचा धंदा नक्की सांगता येत नव्हता, त्याला मी पोलिसात भरती केलं. मागच्या बाकावरच्यांचं वेगवेगळं भविष्य काढण्यात अर्थ नव्हता, त्यांना घाऊक भावानं ‘समाजकार्य’ दिलं.

पहिल्या नंबराला मी थेट चंद्रावर पाठवलं. राकेश शर्मा १९८४ मध्ये अंतराळात जाऊन आलेच होते, पुढची जागा आमच्या गावाची होती. लेखात हा गृहस्थ चंद्रावरच्या वसाहतीचा मुख्य अभियंता आहे. घरी एच.एम.टी.चं घड्याळ आहे, दारात चेतक आहे (नंबर लावून मिळालेली) आणि गावी आईशी बोलायला तो ट्रंक कॉल बुक करतो. ‘अर्जंट’ लावूनही लाइन मिळत नाही, म्हणून तो पृथ्वीकडे बघत तीन तास बसून राहतो. या प्रसंगाला मी पाऊण पान दिलं होतं. यानात बसवून माणूस चंद्रावर न्यायला मला काही अडचण आली नाही, पण त्याचा फोन विट्याच्या एक्स्चेंजला वळसा घालून जाऊ शकेल, हे काही केल्या सुचलं नाही.

मुली बावीस होत्या. पाचवीपासून एका वर्गात बसूनही त्यांच्याशी माझं झालेलं एकूण संभाषण ‘सरांनी वह्या मागितल्यात’ एवढंच. त्यांचं भविष्य मी एका वाक्यात संपवलं : ‘वर्गातील सर्व भगिनी आपापल्या सासरी सुखाने नांदत असतील.’ आणि शेवटी, थोड्या मोठ्या अक्षरात, स्वतःबद्दल : ‘या सर्वांची चरित्रे लिहून मराठी सारस्वताचे भूषण ठरलेले प्रस्तुत लेखक यंदाच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवीत आहेत.’ एकाच वाक्यात दोनदा भूषण आलं होतं. सरांनी तेवढ्यावरच लाल खूण केली.

हे प्रकरण इथंच मिटायला हवं होतं. पण मी ज्याला ‘समाजकार्य’ दिलं होतं आणि जो आठवड्यातले चार दिवस वर्गाबाहेर अंगठे धरून उभा असायचा, तो बी.एड. झाला आणि फिरत-फिरत आमच्याच शाळेत मुख्याध्यापक म्हणून आला. दाराबाहेरून शाळेचा इतका अभ्यास दुसऱ्या कुणी केलेला नव्हता. मुख्याध्यापक झाल्यावर त्यानं जुनी कपाटं उघडली. एका पहाटे साडेपाचला आमच्या व्हॉट्सॲपच्या गटावर ‘शुभ सकाळ’च्या गुलाबाऐवजी त्या लेखाची सगळी पानं पडली.

या गटावर कुणी गुलाब टाकला की उलटटपाली तीस-चाळीस गुलाब येतात. वाढदिवस आणि श्रद्धांजली एकमेकांत मिसळून कितीदा तरी भलत्याच माणसाला ‘भावपूर्ण’ झालेलं आहे. त्या गटावर दोन तास कुणी काही बोललं नाही. मग पहिला संदेश आला : “मी ऑलिंपिकमध्ये कुठाय?” दुसरा : “मला पोलीस केलंय. आयुष्यभर त्यांनाच हप्ता दिला मी.” तिसरा पहिल्या नंबराचा : “चंद्रावर आहे. लाइन मिळत नाही.” त्यानंतर दिवसभर गटावर गुलाब पडला नाही. दिवाळीच्या सुट्टीत शाळेत स्नेहमेळावा ठरला, आणि कार्यक्रमपत्रिकेत दीपप्रज्वलन, दिवंगत शिक्षकांना आदरांजली, यांच्या खाली तिसऱ्या क्रमांकाला होतं : ‘उत्तरपत्रिका तपासणी (परीक्षक : मा. मुख्याध्यापक)’.

मी तयारी करून गेलो. बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाला पावती नसताना बोलायची सवय नसते, म्हणून संदर्भ लिहून घेतले. पहिला लुईस टर्मन यांचा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या या मानसशास्त्रज्ञांनी १९२१ पासून बुद्ध्यांक मोजून कॅलिफोर्नियातली दीड हजारांवर अतिहुशार मुलं निवडली, आणि ती पुढं काय होतात याचा मागोवा आयुष्यभर घेतला. चाचणीत कमी पडली म्हणून ज्या मुलांना वगळलं, त्यांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ होते. दोघांनाही पुढं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, एकाला १९५६ मध्ये, दुसऱ्याला १९६८ मध्ये. निवडलेल्यांपैकी एकालाही मिळालं नाही. स्टॅनफर्डला जमलं नाही, ते खानापूर तालुक्यात जमावं ही अपेक्षा अन्यायाची आहे, असा माझा मुद्दा होता.

“म्हंजे मी निवडलेल्यातला,” पहिला नंबर म्हणाला. “नोबेल गेलं खड्ड्यात. तेल्यावर काय औषध असलं तर सांग.”

हा इंजिनिअर झाला, इथवर मी बरोबर होतो. १९८३ मध्ये वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडून दिलं होतं, त्या दारातून तो गेला, पुण्यात कंपनीत लागला, साहेब झाला. मग टेंभू योजनेचं पाणी आमच्या माळावर पोचलं आणि साहेब राजीनामा देऊन डाळिंब लावायला परत आले. चंद्रावर माणूस जाईल हे मी लिहिलं. खानापूरच्या माळावर कृष्णेचं पाणी चढेल, हे लिहिलं असतं तर सरांनी ‘अतिशयोक्ती’ म्हणून गुण कापले असते.

“संदर्भ विचारलेला नाही,” मुख्याध्यापक चष्म्यावरून बघत म्हणाले. “प्रश्न वाच आणि उत्तर दे. अभियंता : दोन गुण. चंद्र : शून्य. पायरीचे गुण दिलेत, उत्तर चुकलंय.”

मी दुसरा संदर्भ काढला. डॉ. जयंत नारळीकरांनी अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या मंडळींना बरोबर घेऊन २००८ मध्ये फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. सत्तावीस ज्योतिषी, प्रत्येकाकडे चाळीस पत्रिका. पत्रिका हुशार मुलाची की मतिमंद मुलाची, एवढंच सांगायचं होतं. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी पन्नास आली असती. तेव्हा मला निदान ४६ चा दर्जा मिळावा, अशी माझी नम्र मागणी होती.

“नाणं हाय माझ्याकडं,” ऑलिंपिकवाला म्हणाला. तो एस.टी.त चालक आहे. शाळेत असताना तो पोरांच्या पुढं धावायचा, आता सगळा तालुका त्याच्यामागं धावतो. मी ‘धावणे’ हा मुद्दा धरून त्याच्यावर पाच गुण मागितले. मुख्याध्यापकांनी दोन दिले. “डेपोत विचार आधी, गाडी धावती का ते,” म्हणून त्यानं स्वतःच एक कमी केला.

मग आमच्यातला ‘अपेक्षित’ उठला. वर्षभर पुस्तक न उघडता फक्त ‘२१ अपेक्षित’वर दहावी काढलेला हा मुलगा. त्याच्यासाठी मी चौकात रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं देणारं दुकान वर्तवलं होतं, ते त्यानं खरोखर टाकलं. माझा हात अभिमानानं वर गेला. पण तो पुढं सांगत राहिला. व्हिडिओ गेला तेव्हा त्याच गाळ्यात पिवळा बोर्ड लावून त्यानं एस.टी.डी. बूथ काढला. लोकांच्या खिशात मोबाइल आले तेव्हा बूथ काढून सायबर कॅफे. कॅफेत कुणी येईना तेव्हा रिचार्ज आणि मोबाइलची कव्हरं. आता आपले सरकार सेवा केंद्र, सातबारा आणि उत्पन्नाचे दाखले. “गाळा एकच, धंदं पाच,” तो म्हणाला. “दर खेपेला वाटायचं, आता काय मरेस्तोवर हेच. म्हणून बोर्ड दर खेपेला ऑइलपेंटनं काढला. तू तरी एकदाच चुकलास, मी पाच खेपा पेंटरला पैसे दिले.”

या एका वाक्यानं मला जेवढा आधार दिला, तेवढा स्टॅनफर्डनं दिला नव्हता. मुख्याध्यापकांनी पाचपैकी चार गुण लिहिले आणि वर ‘अक्षर सुंदर’ असा शेरा मारला.

आता नापास विद्यार्थी. वर्गात एक जण असा होता, की त्याच्या पास होण्यावर त्याच्या घरच्यांचाही विश्वास नव्हता. त्याच्याबद्दल मी लिहिलं होतं : ‘सन २०१२ मध्येही हे दहावीच्या परीक्षेस बसलेले आढळतील.’ तो झाला नापास. निकालाच्या आठवड्यातच मामाबरोबर गलाईच्या कामाला केरळात गेला. आमच्या भागातलं प्रत्येक तिसरं घर असं कुठं तरी गेलेलं असतं. जुनं सोनं-चांदी आटवायची, हीण काढायचं, शुद्ध करून द्यायची. देशात जिथं सराफकट्टा आहे, तिथं विट्याकडचा गलाईवाला सापडतो. हा त्रिशूरला भट्टी फुंकत मोठा झाला, तिथंच पेढी काढली. त्याची मुलं मल्याळममध्ये भांडतात. मेळाव्याचा मांडव, जेवण आणि सगळ्यांच्या टोप्या त्याच्याच खर्चानं होत्या. तो पोहोचला ती गाडी बघूनच मी लेखातलं ते वाक्य वगळावं, असा अर्ज परीक्षकांना तोंडी करून ठेवला होता.

अर्ज फेटाळला गेला. वाक्य मोठ्यानं वाचलं गेलं. मांडवात शांतता. तो उभा राहिला, टोपी काढली.

“बरोबर हाय त्याचं,” तो म्हणाला. “दोन हजार बाराच्या मार्चमधीच मी बसलोवतो. पोरगी दहावीला आली, तिच्या शाळंत कसला तरी फॉर्म भरायचा होता. बापाचं शिक्षण लिहा म्हणलं. पेन थांबलं माझं. गपचिप गावी आलो, सतरा नंबरचा फॉर्म भरला. महिनाभर रानातल्या खोलीवर अभ्यास. घरी सांगितलं, गावाकडं जत्रा हाय. इंग्लिशला सदतीस पडलं, पर निघालं. आजवर कुणाला बोललो न्हाई.” मग माझ्याकडं वळून : “तू लिवल्यालं मला कुठं ठावं, मर्दा. न्हाईतर दोन हजार अकरालाच बसलो असतो.”

टाळ्या थांबेनात. मुख्याध्यापकांनी लाल पेन बाजूला ठेवून डोळे पुसले, मग पेन उचलून माझ्या कागदावर पाचपैकी पाच लिहिले. संपूर्ण उत्तरपत्रिकेतलं एवढं एकच उत्तर पूर्ण बरोबर होतं, आणि ते मी त्याला हिणवायला लिहिलं होतं. मी उठून नमस्कार केला. टाळ्या माझ्यासाठी नव्हत्या हे खाली बसल्यावर लक्षात आलं.

प्रश्न शेवटचा, गुण वीस : सर्व भगिनी. इथं मुख्याध्यापकांनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्या रांगेकडे बघितलं. तिथं पंचायत समितीच्या माजी सभापती बसल्या होत्या. तिसऱ्या बाकावर बसायच्या, भूमितीची वही नीट ठेवायच्या, यापलीकडे मला त्यांच्याबद्दल माहिती नव्हती. १९९३ मध्ये त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली, पंचायतींमध्ये एक तृतीयांश जागा बायकांना राखीव झाल्या, आणि सासरच्यांनी सहीपुरत्या म्हणून उभ्या केलेल्या या बाईंनी सही करण्याआधी कागद वाचायला सुरुवात केली. पुढं सासरच्यांना त्यांच्या सहीसाठी थांबावं लागलं. मी त्यांना ‘मॅडम’ म्हणालो. शाळेत एकेरी बोलायची हिंमत नव्हती, आता तर प्रश्नच नव्हता.

“सासरी नांदत आहात ना?” मी बचावाचा प्रयत्न केला. “म्हणजे उत्तर तांत्रिकदृष्ट्या...”

“नांदतेय की. तालुका सांभाळून नांदतेय,” त्या म्हणाल्या. “ती मागं बसलीय, ती मस्कतला नर्स होती, भावांची घरं तिनं बांधली. तिनं लग्नच केलं नाही. तिच्या शेजारची पोलिसात गेली. पोलीस तू भलत्यालाच केलंस. मला एकच विचारायचंय. आम्ही बावीस जणी. आम्हाला एक ओळ. चंद्रावरच्या फोनला पाऊण पान. असं का?”

“हस्तलिखिताला जागा कमी होती,” मी म्हणालो.

बावीस जणी एकदम हसल्या. पाचवीपासूनचं सगळं हसणं त्यांनी त्या दिवसासाठी राखून ठेवलं असावं. त्यात माझी बायको नव्हती, ती घरी होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना ती म्हणाली, “साखर कमी आहे. जागा नव्हती.” गटात तिला कुणी घेतलेलं नाही, तरी बातमी पोहोचली. ट्रंक कॉल लागत नसत तेच बरं होतं.

वीसपैकी दोन गुण मिळाले. एक वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असल्याबद्दल आणि एक बाईंच्या औदार्यातून.

स्वतःबद्दलच्या भाकिताला मी पुरावे जोडले होते. संमेलनाध्यक्ष झालो नाही, हे खरं. पण माझं लेखन तालुक्यात घरोघरी गेलेलं आहे. बँकेत काम करता-करता मी लग्नपत्रिकांचे मजकूर, निवृत्तीची मानपत्रं आणि वर्तमानपत्रात द्यायच्या श्रद्धांजल्या लिहून देतो. एका पत्रिकेच्या प्रती हजारावर जातात. मराठीत किती कवींच्या संग्रहाला हे भाग्य लाभतं? शिवाय ‘या सर्वांची चरित्रे लिहून’ हे भाकीतही हळूहळू खरं होतं आहे, कारण वर्गातल्या दिवंगतांच्या श्रद्धांजल्या मीच लिहितो. हे ऐकल्यावर मांडवातले काही जण माझ्यापासून जरा सरकून बसले. मुख्याध्यापकांनी एक गुण दिला आणि पुढं बोलू नये अशी विनंती केली.

बेरीज एकतीस झाली. शंभरपैकी. मी पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करणार म्हणालो. वकिलांपैकी एकानं फुकट सल्ला दिला, की पुन्हा तपासलं तर गुण कमीही होतात. तेवढ्यात गलाईवाले पुढं आले. स्वतः सदतीसवर निघालेल्या माणसाला एकतीसचं दुःख कळतं. “चार मार्क ग्रेस द्या गुरुजी, पोरगं निघंल,” ते म्हणाले. मुख्याध्यापकांनी वर्गाचं मत घेतलं. वर्गानं ग्रेस एका अटीवर मंजूर केली : पुढच्या मेळाव्याचा खजिनदार मी. पंचवीस वर्षांनंतरचं सांगणाऱ्या माणसाला पुढच्या दिवाळीपर्यंतची वर्गणी गोळा करणं जड जाऊ नये, असं सभापतीबाईंचं म्हणणं पडलं. ‘सन २०५० : आपली दहावी अ’ असा नवा लेख लिहावा ही सूचनाही आली होती, पण वयं मोजल्यावर ती ज्यानं केली त्यानंच मागं घेतली.

वर्गणी प्रत्येकी दोन हजार. या विषयात मात्र मला मार्क, बाक आणि वडिलांचा धंदा बघावा लागत नाही. कोण दुसऱ्या दिवशी पाठवणार, कोण ‘पाठवले, चेक कर’ म्हणून न पाठवणार, कोणाचं गूगल पे दिवाळीपर्यंत बिघडलेलं राहणार आणि कोण ‘मी तर जेवलोच नव्हतो’ असा मागच्या मेळाव्याचा हिशेब काढणार, याची नावानिशी यादी मी बंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे दिली आहे. या पेपरात मला शंभरपैकी शंभर मिळतील याबद्दल शंका नाही. बुडवणाऱ्यांत पहिलं नाव खजिनदाराचं आहे, आणि ते भाकीत खरं करणं संपूर्णपणे माझ्या हातात आहे.